मक्याचे केस आणि फुकटचा भुट्टा

भुट्ट्याच्या गाड्यामागच्या सालींच्या ढिगातून मक्याचे केस वेचणाऱ्या बाईला लोक काय समजतात, ते परवा सिल्लोड रोडला कळलं. राग अजून उतरला नाही.

पांढरी टोपी घातलेले एक मामा बराच वेळ बघत होते.

"ओ ताई, म्हशीला नेताय काय?"

"नाही मामा. चहा करायचाय."

"कशाचा?"

"ह्याच केसांचा. वाळवून."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, चपलांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात गाडेवाल्याला म्हणाले, "बाईला एक भुट्टा दे रे. लिंबू-मीठ लावून. पैसे मी देतो."

"अहो, आहेत माझ्याकडे पैसे!"

"असतील की. लाजायलीस कामून? खा."

म्हटलं, मामा, कोरियात हा चहा बाटल्यांत भरून विकतात. मामा हळहळले. "तिकडं बी दुष्काळ पडला का?"

वर औदार्य असं, की "माझ्या रानात मका उभाय, सगळे केस ने उपटून." आता ह्यांना कोण सांगणार? एकेक केस एकेका दाण्याचा असतो. तुऱ्यातला पराग त्यावर पडून खालपर्यंत पोचला तरच दाणा भरतो. कोवळे, ओलसर केस आधीच ओढले की कणीस बोळकं निघतं. बाहेरची टोकं तपकिरी पडून सुकली, म्हणजे काम उरकलं; मग केस काढले तरी पिकाचं काही जात नाही.

"फवारलाय का?" मी विचारलं.

"फवारल्याशिवाय मका येतो का आता?"

ते खरंच. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी देशात आली, तेव्हापासून पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, औषध गेल्याशिवाय मका सहसा हाती लागत नाही. दाण्यावर निदान सालींचं पांघरूण असतं; केसांची टोकं उघडीच लोंबतात, औषध त्यांच्यावर बसतं. म्हणून फवारलेल्या रानातले केस चहाला नकोत. हा गाडेवाला घरचा, न फवारलेला मका विकतो, एवढ्यासाठीच मी त्या ढिगात हात घालते. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हमीभाव कागदावर, बाजारात तेवढा कोण देतंय? तुझ्या केसांना काय भाव?" ह्यावर मात्र मी गप्प बसले.

केस त्याच दिवशी सोललेल्या कणसाचे घ्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर कोंबले की तापतात, काळे पडतात आणि बुळबुळीत होतात. टोकाकडचा दोन बोटं तपकिरी भाग कापून टाकायचा. धूळ, अळी आणि अळीची विष्ठा तिथेच असते. आतला हिरवट-सोनेरी भाग ठेवायचा. धुवायचा नाही, गुंता होऊन मधोमध बुरशी धरते. झटकून, बोटांनी मोकळा करून, धोतराच्या कापडावर विरळ पसरायचा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. उन्हात रंग उडतो, म्हणून सावली आणि वारा. पंखा लावलाच तर वर जुनी ओढणी घाला, नाहीतर वाळलेले केस घरभर उडतात आणि भातात सापडले की सगळे माझ्या डोक्याकडे बघतात.

कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत वाळतात. पण भुट्ट्याचा हंगाम नेमका पावसाळ्यात, आणि जरा भुरभुर सुरू झाली की वीज जाते. आठवडा उलटला, कुबट वास आला, की अख्खं कापड उकिरड्यावर. वाळलेला केस वाकवला की कट्कन तुटला पाहिजे. नुसता वाकला तर अजून ओल आहे. पिशवीभर केस वाळून मूठभर होतात. ते काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली, अंधारात ठेवायचे.

कपभर उकळत्या पाण्यात चमचाभर केस टाकून दहा मिनिटं झाकून ठेवायचे आणि गाळायचे. चव गोडसर, थोडी उकडलेल्या कणसाच्या पाण्यासारखी. याने लघवी वाढू शकते. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि एसटीचा प्रवास असेल तर बाईमाणसाने अजिबात घेऊ नये. स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो चहा प्यायला गेलेला असतो. साधा, दुधाचा.