केरो शहर पुराने ओस पडलेले नाही

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो आणि मिसिसिपी या दोन महानद्यांच्या संगमावर केरो नावाचे छोटे शहर आहे. नाव इजिप्तच्या राजधानीवरून ठेवलेले असले तरी स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘केरो’ असाच करतात. मोडकळीला आलेली दुकाने आणि खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या इमारती दाखवणारी या शहराची छायाचित्रे गेली काही वर्षे फिरत आहेत. त्यांच्याबरोबर फिरणारा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो : ‘दोन नद्यांच्या बेचक्यात, सखल जागी शहर वसवण्याची चूक झाली. पुरामागून पूर आले, पंधरा हजार वस्तीचे शहर पाण्यात गेले, लोक निघून गेले आणि आज तिथे कोणीही राहत नाही.’ सांगलीचे २००५ आणि २०१९ सालचे पूर पाहिलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट लगेच पटते. तरीही पंधरा हजारांचा आकडा आणि छायाचित्रे सोडली, तर या मजकुरातील बहुतेक विधाने चुकीची आहेत. ही चूक निरुपद्रवीही नाही, कारण माणसांनी माणसांशी केलेल्या व्यवहाराचा दोष ती नदीच्या माथी मारते. म्हणून तिचा एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान जागेविषयी आहे. जागा सखल आहे, हे खरे. दोन नद्या जिथे मिळतात तो इलिनॉय राज्यातील सर्वांत कमी उंचीचा बिंदू आहे आणि शहर चहूबाजूंनी पूररोधक बांधांनी वेढलेले आहे. येथे वसाहत उभारण्याचा १८१८ मधील प्रयत्न फसला, १८३७ नंतर एका कंपनीने केलेला दुसरा प्रयत्नही काही वर्षांतच कोसळला, आणि १८४२ मध्ये येथून गेलेल्या चार्ल्स डिकन्सने या दलदलीचे वर्णन अतिशय कठोर शब्दांत केले. १८५८ मध्ये बांध फुटून शहर खरोखरच पाण्याखाली गेले होते. इथपर्यंत तो मजकूर लिहिणाऱ्याचे म्हणणे मान्य करता येते.

परंतु शहराची वाढ झाली ती त्यानंतर. १८६० च्या जनगणनेत केरोची लोकसंख्या २,१८८ होती. १८७० मध्ये ती ६,२६७ झाली, १९०० मध्ये १२,५६६ आणि १९२० मध्ये १५,२०३. म्हणजे ज्या जागेला चुकीची म्हटले जाते त्याच जागेवर शहर सलग साठ वर्षे वाढत राहिले, आणि ते त्या जागेमुळेच वाढले. संगमाच्या ठिकाणी ओहायो नदी मिसिसिपीपेक्षा अधिक पाणी घेऊन येते. पूर्वेकडील कारखान्यांचा माल ओहायोतून आणि उत्तरेकडील धान्य मिसिसिपीतून येथे येत असे व एकत्र होऊन दक्षिणेला जात असे. १८५० च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वे येथवर पोचली. यादवी युद्धाच्या पहिल्याच वर्षी, १८६१ मध्ये, युलिसिस ग्रँट याने आपले मुख्यालय केरोला केले, कारण दोन्ही नद्यांवरील हालचाल या एका टोकावरून ताब्यात ठेवता येत होती. ज्या सेनापतीला पुढे राष्ट्राध्यक्ष व्हायचे होते, त्याचे मुख्यालय येथे होते ते या जागेमुळेच.

दुसरे विधान पुरांचे आहे, आणि सगळा मजकूर त्याच्यावरच उभा आहे. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांतील केरोचे दोन पूर सर्वांत जास्त चर्चिले जातात : १९३७ आणि २०११. १९३७ च्या हिवाळ्यात ओहायोला आलेला पूर त्या नदीच्या इतिहासातील महापुरांपैकी एक होता. केरोच्या मापकावर पाण्याची पातळी ५९ फुटांच्या वर गेली. पलीकडच्या मिसुरी राज्यातील बर्ड्स पॉइंट येथील बांध मुद्दाम फोडून पाण्याला वाट करून देण्यात आली, शहराच्या बांधांची उंची घाईघाईने वाढवण्यात आली, आणि शहर कोरडे राहिले.

२०११ मध्ये पातळी त्याहूनही वर चढली. २ मे रोजी ती ६१.७ फुटांवर पोचली आणि हा नवा विक्रम ठरला. बांधाखालून पाणी झिरपून जमिनीतून वाळूचे उमाळे फुटू लागले, रहिवाशांना शहर सोडण्याचे आदेश देण्यात आले, आणि त्या रात्री लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंगाने उडवला. सुमारे १,३०,००० एकर शेतजमीन पाण्याखाली गेली. त्या पाण्यात पिनहुक नावाचे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे छोटे गाव उद्ध्वस्त झाले, याचा उल्लेख त्या फिरत्या मजकुरात कुठेच नसतो. केरो मात्र याही वेळी बुडाले नाही. बुडालेले गाव विस्मरणात गेले आणि न बुडालेल्या शहराच्या नावावर पूर जमा झाला, हे वाचताना मन खिन्न होते.

आता पूर आणि लोकसंख्या शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पुरामुळे लोक गेले असतील, तर १९३७ नंतरच्या गणनेत मोठी घट दिसायला हवी. प्रत्यक्षात १९३० मध्ये १३,५३२ असलेली लोकसंख्या १९४० मध्ये १४,४०७ झाली. महापुराच्या दशकात शहर वाढले. याउलट १९५० मध्ये १२,१२३ असलेले केरो १९७० मध्ये ६,२७७ वर आले. या वीस वर्षांत शहर एकदाही पाण्याखाली गेले नाही, तरी निम्मे शहर निघून गेले. पुराची गोष्ट सांगणाऱ्याने या दोन ओळींचे स्पष्टीकरण दिले पाहिजे, आणि ते त्याला देता येणार नाही.

शेजारचे उदाहरण याहून बोलके आहे. ओहायोच्या काठी, केरोपासून पन्नासेक किलोमीटरवर, केंटकी राज्यातील पदुका हे शहर आहे. १९३७ च्या पुरात ते खरोखर बुडाले आणि जवळजवळ सगळे रहिवासी बाहेर काढावे लागले. त्या पदुकात २०२० च्या जनगणनेत २७,१३७ लोक राहत होते. १९५० च्या दशकात तेथे युरेनियम समृद्धीकरणाचा मोठा सरकारी कारखाना आला आणि त्याचा आधार मिळाला, हे सांगायलाच हवे. पण त्यातूनही हेच दिसते, की शहर टिकणे वा न टिकणे हे रोजगारावर आणि लोकांच्या आपसांतील व्यवहारावर अवलंबून राहिले. दोन्ही शहरांना पाणी एकाच नदीचे होते.

मग केरो का रिकामे होत गेले? याचा एक भाग वाहतुकीचा आहे. जोवर रेल्वेचे डबे बोटींवर चढवून नदीपार न्यावे लागत होते, तोवर प्रत्येक गाडी केरोला थांबत होती. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला, १९०५ मध्ये उत्तरेला थीब्झ येथे मिसिसिपीवर दुसरा पूल झाला, पुढे मोटारींचे पूल झाले, आणि १९७८ मध्ये आंतरराज्य महामार्ग ५७ शहराला वळसा घालून नदीपार गेला. थांबायचे कारण उरले नाही. तरीही पहिल्या दोन पुलांनंतर शहर १९२० पर्यंत वाढतच होते, तेव्हा केवळ पुलांना दोष देऊन भागत नाही.

दुसरा भाग वंशद्वेषाचा आहे, आणि फिरत्या मजकुरात त्याचा एक शब्दही नसतो. केरोच्या लोकसंख्येत विसाव्या शतकाच्या आरंभीच एक तृतीयांशाहून अधिक कृष्णवर्णीय होते. नोव्हेंबर १९०९ मध्ये विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय तरुणाचा, त्याच्यावर खटला चालण्याआधीच, भर शहरात विजेच्या दिव्यांच्या कमानीखाली हजारोंच्या जमावासमोर झुंडबळी घेण्यात आला. राज्यपालांनी नंतर स्थानिक शेरीफला पदावरून दूर केले. १९५२ मध्ये शाळांतील वर्णभेद मोडण्याचा प्रयत्न झाला तेव्हा हिंसाचार झाला. १९६२ मध्ये तेथील जलतरण तलावावर कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळावा म्हणून विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. त्यांत पुढे अमेरिकी संसदेचे सदस्य झालेले जॉन लुईस होते, आणि गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या निदर्शकांचे त्या वेळचे छायाचित्र नागरी हक्क चळवळीच्या भित्तिपत्रकावर झळकले. तलाव सर्वांना खुला करण्याऐवजी तो बंद करण्यात आला. शहर स्वतःच्याच हातांनी कसे आक्रसत गेले, हे समजून घ्यायला मला तरी हा एक प्रसंग पुरेसा वाटतो : सर्वांनी मिळून वापरण्यापेक्षा कोणीच न वापरणे तेथे पसंत केले गेले.

जुलै १९६७ मध्ये रजेवर आलेला रॉबर्ट हंट हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत मृतावस्थेत आढळला. पोलिसांनी ती आत्महत्या ठरवली. कृष्णवर्णीय वस्तीने ते मानले नाही. दंगल उसळली, राज्याचे सैनिकदल बोलवावे लागले, आणि गोऱ्या नागरिकांनी ‘व्हाइट हॅट्स’ नावाची स्वतःची सशस्त्र गस्त उभी केली. कृष्णवर्णीयांच्या पिरॅमिड कोर्ट्स या वसाहतीवर रात्री गोळीबार होऊ लागला. १९६९ मध्ये धर्मगुरू चार्ल्स कोएन यांच्या नेतृत्वाखाली ‘युनायटेड फ्रंट’ या संघटनेने, ज्या दुकानांत आपण पैसे मोजतो तेथे आपल्याला नोकरीही मिळाली पाहिजे, या मागणीसाठी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. तो काही वर्षे चालला. कृष्णवर्णीय नोकर ठेवण्यापेक्षा दुकान बंद करणे अनेक मालकांनी पत्करले. १९७२ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाला केरोत सुनावणी घ्यावी लागली. १९६० ते १९७० या एकाच दशकात लोकसंख्या ९,३४८ वरून ६,२७७ वर आली, म्हणजे तीनांपैकी एक माणूस कमी झाला. बाजारपेठेच्या रस्त्यावरील ज्या बंद दुकानांची छायाचित्रे पुराचा पुरावा म्हणून दाखवली जातात, त्या रस्त्याचा हा इतिहास आहे.

अलीकडच्या घसरणीलाही पाणी कारण नाही. २०१० मध्ये २,८३१ असलेली लोकसंख्या २०२० मध्ये १,७३३ झाली. हे दशक २०११ च्या पुराचे असल्याने येथे गल्लत होणे सोपे आहे. परंतु मधल्या काळात काय घडले ते पाहावे लागते. एल्मवुड आणि मॅकब्राइड या १९४० च्या दशकातील दोन सार्वजनिक गृहवसाहती वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने राहण्यायोग्य उरल्या नव्हत्या. २०१६ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाचा कारभार हाती घेतला, आणि २०१७ मध्ये दुरुस्तीऐवजी दोन्ही वसाहती पाडण्याचा निर्णय जाहीर केला. पावणेदोनशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. शहरात भाड्याने मिळण्याजोगी घरे फारशी नसल्यामुळे त्यांपैकी अनेकांना शहरच सोडावे लागले. अडीच-तीन हजारांच्या गावातून इतकी कुटुंबे गेल्यावर जनगणनेत काय दिसणार, हे सांगायला नको.

राहिले शेवटचे विधान : ‘आज तिथे कोणीही राहत नाही.’ २०२० च्या जनगणनेत १,७३३ माणसे तेथे होती. केरो आजही अलेक्झांडर परगण्याचे मुख्य ठिकाण आहे, तेथे न्यायालय आहे, शाळा आहे, १८८४ पासूनचे ग्रंथालय आहे. शहरातील किराणा दुकान २०१५ मध्ये बंद पडल्यावर लोकांना भाजीपाल्यासाठीही दूरच्या गावी जावे लागत होते, तेव्हा रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर दुकान उभारण्याचे ठरवले आणि २०२३ मध्ये ते सुरू केले. जे लोक जागेवर उभे राहून दुकान काढतात, त्यांच्या गावाला भुतांचे शहर म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

जागेचा मुद्दाही पूर्ण संपलेला नाही. केरोपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत मिसिसिपीवर एकही जलपाश (जहाजे एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे पाण्याचे दरवाजे) नाही, त्यामुळे मालवाहू बार्जांचे मोठे तांडे येथून थेट समुद्रापर्यंत जाऊ शकतात. याच कारणासाठी केरोला नदीबंदर उभारण्याची योजना आखण्यात आली आणि २०२० मध्ये इलिनॉय राज्याने तिच्यासाठी ४ कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. बंदरासाठी निवडलेली जागा आहे ती नद्यांच्या त्याच बेचक्यातली.