दाजी, एकशे पंच्याऐंशी टाका!

गाडीचे टायर गुळगुळीत झाल्याची बातमी घरात सांगायच्या आधीच गल्लीभर झाली होती. जळगावात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, दुपारी चिटपाखरू बाहेर दिसत नाही. पण दुसऱ्याच्या टायरवर मत द्यायचं म्हटलं की डोक्यावर रुमाल टाकून सगळे हजर!

त्यात पुढे माझा शालक. रावेरकडे त्याची केळीची बाग आहे, त्यामुळे जाडजूड असल्याशिवाय त्याला काही पटत नाही. "दाजी, ही काय सायकलची चाकं? एकशे पंच्याऐंशी टाका. गाडी कशी भरलेली दिसली पाहिजे!"

माझ्या टायरवर लिहिलं होतं १६५/८० आर १४. यातली रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत आणि रिंग इंचांत. असलं गणित दहावीच्या पेपरात आलं असतं तर पालकांनी मोर्चा काढला असता. मी वीजबिलाच्या पाठीवर मांडलं. १६५चे ८० टक्के १३२. ते वर आणि खाली असे दोनदा. त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळवले की चाकाची उंची ६१९.६ मिलिमीटर. शालकाच्या १८५/८०ची येते ६५१.६. म्हणजे ५ टक्क्यांनी जास्त. काटा १०० दाखवणार आणि गाडी पळणार १०५ने; पावती फाडणाऱ्या हवालदाराला टक्केवारी कोण समजावणार? रुंदी वाढवायचीच तर मधला आकडा उतरवावा लागतो. १८५/७० केलं की ६१४.६, म्हणजे जवळपास जमलं. पण रुंद टायर पेट्रोलही जास्त पितो, आणि ते भरायला शालक येत नाही.

टायरवाल्याला या हिशोबाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्याच्याकडे १८५/६५ आर १५ पडून होते. "उंची सेमच भो, घेऊन जा." उंची खरंच सेम होती, ६२१.५! माझं गणित त्याने असं माझ्याच अंगावर सोडलं. फक्त माझी रिंग १४ची. "मग रिंगाबी घ्या ना भाऊ!"

नंतर त्याने १६५/८०च काढले, पण भार-निर्देशांक ८१ असलेले. जुन्यांवर ८५ होता. ८५चा टायर ५१५ किलो झेलतो, ८१चा ४६२. "एवढ्यानं काही व्हत नई भो," तो म्हणाला. त्याला काय माहीत, शालक येतो तेव्हा परतीला मागच्या सीटवर केळीचे घड असतात आणि पुढच्या सीटवर स्वतः शालक.

८५वाले निघाले, तर त्यांच्या कडेवर अंडाकृती चौकटीत ४२२१. म्हणजे २०२१ सालच्या बेचाळिसाव्या आठवड्यातला माल. विचारल्यावर टायरवाला शांतपणे म्हणाला, "तो कंपनीचा नंबर आहे." आतून ताजे टायर यायला दोन चहा लागले.

चारही बसवले, अलाइनमेंट केली, घरी आलो. मापात तिळभर फरक नाही. तेच १६५, तेच ८०, तेच १४. संध्याकाळी शालक आला. गाडीभोवती फिरला, एका टायरला चपलेच्या टोकाने दाबून पाहिलं आणि खुशीत माझ्या पाठीवर थाप मारली.

"बघा दाजी, आता कशी भरलेली दिसते! सांगत होतो ना, एकशे पंच्याऐंशी टाका?"