आधी बसवून बघा रे, मग रंग मारा!

डिकीचं झाकण बदलायचं होतं. इंजिन उतरवायचं नव्हतं, गिअरबॉक्स खोलायचा नव्हता. दोन बिजागऱ्या, त्यांचे बोल्ट, एक लॉक आणि थोडी वायर. एवढ्याचा फोंड्यातल्या एका गॅरेजने जो बट्ट्याबोळ केलाय, तो बघून माझं डोकं फिरलंय. आता कोणी 'शांत हो' म्हणालं तर त्यालाच डिकीत बसवून वर ते झाकण लावीन. लागलं तर!

मूळ झाकण चेपलं फर्मागुडीच्या उतारावर. मागची गाडी काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, म्हणजे भाड्याची, आणि चालवणारा साहेब मोबाईलवर देवळाचा रस्ता शोधत होता. भरपाई? थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी ७.५ लाखांपर्यंतची सोय कागदावर आहे. पण त्यासाठी आधी पोलीस, पंचनामा, मग अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण. एका पत्र्यासाठी कोण जातो तिथे? त्याने थोडे पैसे माझ्या हातावर टेकवले आणि तो मंगेशीला पुण्य कमवायला गेला.

मॉडेल बंद पडलेलं, त्यामुळे कंपनीचं झाकण कधी येईल ते कोणीच सांगेना. मग बाजारातलं मागवलं. बेळगावहून चोर्ला घाटातून पार्सल आलं. दुकानदाराचं पालुपद ठरलेलं: 'कंपनीचाच माल आहे शेठ, फक्त खोका वेगळा.' खोका उघडल्यावर कळलं काय वेगळं ते.

कंपनीच्या झाकणात बाहेरचा पत्रा आणि आतला सांगाडा असे दोन भाग असतात. बाहेरच्या पत्र्याची कड आतल्यावर दुमडतात आणि त्या दुमडीत सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, असतो. मग गाडीचा सगळा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात, म्हणजे जिथे ब्रश जात नाही तिथेही तो पोचतो. बाजारच्या या झाकणावर वरून काळा फवारा मारलेला, आणि दुमडीत नख घातलं तर आत सगळं कोरडं. गोव्यात! जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा पत्रा खातो. असली दुमड आतून गंजते आणि आपल्याला कळतं तेव्हा रंगाला फोड आलेला असतो.

बरं, स्वस्त माल आहे, दुमडीत सीलर आपण भरून घेऊ, इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. मी गॅरेजवाल्याला एकच गोष्ट बजावली होती: रंग मारायच्या आधी झाकण कोरडंच गाडीवर चढवून बघ. चारी बाजूंची फट बघ, लॉक लागतं का बघ, दिव्यांची भोकं जुळतात का बघ. नाही जुळलं तर परत पाठवू. कारण एकदा रंग चढला की कुठलाच दुकानदार माल परत घेत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यावर उत्तर काय? 'जातलें पात्रांव, टेन्शन घेवं नाकात!' म्हणजे होईल मालक, टेन्शन घेऊ नका!

आणि संध्याकाळी जाऊन बघतो तर झाकण सिल्व्हर रंगात न्हाऊन स्टँडवर वाळतंय.

मग ते बसवलं. डावा कोपरा वर, उजवा आत. डावीकडच्या फटीत पेन्सिल जाते, उजवीकडे पत्र्याला पत्रा घासतो. आता हे जुळवायची एक रीत आहे. बिजागरीची भोकं लांबट असतात, तिथे बोल्ट सैल करून झाकण पुढे-मागे आणि बाजूला सरकवायचं. कोपऱ्यातले रबरी बफर फिरवून उंची धरायची. शेवटी खालची कडी सरकवून लॉक जुळवायचं. तासभर डोकं शांत ठेवून करायचं काम. आमच्या कलाकाराने काय केलं? वर आलेल्या कोपऱ्याखाली लाकडाचा ठोकळा सरकवला आणि दुसऱ्या टोकावर गुडघा देऊन अख्खं झाकण पिळलं. माझ्या डोळ्यांदेखत! कडेला ताजा रंग तडकला. 'टच-अप मारतां,' म्हणे.

वायरिंगचं भोक जुळेना, तर ड्रिल घेऊन नवीन पाडलं. कापलेल्या कडेला प्रायमर नाही, वायर कापू नये म्हणून भोकात बसवायची रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, नाही, उघड्या पत्र्यावरून वायर. त्यात नवा पत्रा पातळ, म्हणून झाकण हलकं. झाकण वर उचलणाऱ्या पीळ दिलेल्या सळ्या, म्हणजे टॉर्शन बार, मात्र जुन्या वजनाला बेतलेले. त्यामुळे बटण दाबलं की झाकण तोंडावर येतं. आमच्या हिची हनुवटी थोडक्यात वाचली, आणि त्यावरून घरात मला जे ऐकावं लागलं ते वेगळंच. त्या बारना दुसऱ्या खाचेत बसवून ताण कमी करता येतो, हेही मीच सांगायचं?

नंबर प्लेटची आणखी वेगळी कथा. हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक एकदाच लागतं, काढायचं तर तोडावंच लागतं. तोडलं, ठीक आहे. पण नवीन लॉकची व्यवस्था न करता प्लेट साध्या स्क्रूने ठोकून दिली! उद्या नाक्यावर शिटी वाजली की हा येणार आहे का माझ्याबरोबर? रंगाबद्दल तर बोलतच नाही. बाजूच्या पत्र्याजवळ उन्हात उभं राहून बघा, दोन गाड्या जोडल्यासारखी दिसते.

आणि मग पाऊस. एका रात्रीत स्टेपनीच्या खड्ड्यात एवढं पाणी की दीड दिवसाचा गणपती तिथेच विसर्जित करता आला असता. जॅक गंजला, गालिचा कुजला, गाडीत बसलं की बुरशीचा वास. मी दहाची नोट डिकीच्या कडेच्या रबरवर ठेवून झाकण लावलं आणि ओढली. डाव्या कोपऱ्यात अलगद निघून आली, म्हणजे तिथे झाकण रबरला दाबतच नाही. ही तपासणी फुकट आहे. गॅरेजवाल्याकडे दहाची नोट नव्हती का? माझ्याकडून घेतलेल्या होत्या की भरपूर!

दुकानदाराला फोन केला. 'रंग मारलेला माल परत नाही.' बरं, बिल दे. 'बिल हवं तर १८ टक्के वर.' अरे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही तीच, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. हे ऐकवलं तेव्हा आवाज जरा खाली आला. आता म्हणतो, 'गॅरेजवाल्याने पिळलं, माझा काय दोष?' आणि गॅरेजवाला म्हणतो, 'मालच वाकडा होता, म्हणून पिळलं.' दोघांनी मिळून मला मधे धरलंय.

शेवटी गॅरेजवाला कबूल झाला: झाकण उतरवतो, दुमडीत सीलर भरतो, भोकाला प्रायमर लावतो, नीट जुळवतो, पुन्हा रंग मारतो. सोमवारी गाडी घेऊन या. सोमवारी गेलो तर शटर बंद. फोन लावला, मागे टाळ-मृदंगाचा दणका. साहेब वास्कोला भजनी सप्ताहाच्या फेरीत, म्हणजे जत्रेत. 'पात्रांव, फाल्यां नक्की!' म्हणजे उद्या नक्की, म्हणाला, आणि बाहेर धो धो कोसळत असताना मी डिकीवर ताडपत्री बांधत बसलो.