अमेरिकेत गाजलं तरच गाणं मोठं?

साताऱ्याहून आमच्या दादानं घरच्या ग्रुपवर टाकलं, 'मराठी गाण्याला अमेरिकेत कुत्रं विचारत नाही. कोरियाची पोरं गाजतात, आपल्यातच दम नाही.' खाली अकरा अंगठे. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

दादा, इंग्रजांचंच बघ. भाषा तीच, तरी अमेरिकेनं त्यांना कधी डोक्यावर घेतलं, कधी ओळखही दिली नाही. ९ फेब्रुवारी १९६४ला त्यांचा बीटल्स बँड इथल्या अमेरिकन टीव्हीवर आला, ७ कोटींहून जास्त लोकांनी पाहिलं. ४ एप्रिलला बिलबोर्डच्या, म्हणजे इथल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत पहिली पाचही गाणी त्यांची. पुढे १९८१ला एमटीव्ही हे गाण्यांचं चॅनेल सुरू झालं. दिवसरात्र दाखवायला व्हिडिओ हवे होते आणि ते ब्रिटिशांकडे तयार होते. जुलै १९८३मध्ये पहिल्या चाळिसात अठरा गाणी त्यांची. आणि एप्रिल २००२च्या एका आठवड्यात? शंभरात एकही नाही. १९६३नंतर पहिल्यांदाच. तेव्हा काय सगळ्या इंग्लंडचा गळा बसला होता? नऊ वर्षांनी त्याच देशाच्या गायिका अॅडेलचा अल्बम इथे आला आणि एकूण चोवीस आठवडे पहिला राहिला.

इंग्लंडचेच ओएसिस बँडवाले तर १९९६ला इथला दौरा अर्धवट सोडून घरी गेले होते. २०२५मध्ये त्यांच्यासाठी मेटलाइफ स्टेडियम दोन रात्री भरलं, जवळच्या रूट ३ रस्त्यावर गाडी हलेना. गाणी तीच, जुनीच. मग दम कशावरून मोजायचा, दादा?

एवढं तावातावानं लिहिते आहे, पण कारपूलमध्ये क्वीन या ब्रिटिश बँडचं गाणं लागलं की मीच आधी सांगते, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. सगळे वळून बघतात. ते बघणं मला हवं असतं. १९८०मध्ये क्वीनची दोन गाणी इथे पहिल्या नंबरवर होती, आणि १९८२च्या दौऱ्यानंतर फ्रेडीला घेऊन क्वीननं इथे पुन्हा दौरा केला नाही, हेही मला पाठ आहे.

दादाचा मेसेज आला त्याच सकाळी माझा फोन गाडीला आपोआप जोडला गेला आणि भीमसेनजींचा अभंग सुरू झाला. टाळ वाजले मात्र, मी झटकन हात पुढे करून बंद केला. कुणी हूं की चूं केलं नव्हतं. मागच्या सीटवरचा उलट म्हणाला, "राहू दे की. काय होतं ते?"

"काही नाही," मी म्हटलं, "घरचं आहे."