पंगतीतला अळणी माणूस

डॉक्टरांनी बीपी बघितला आणि दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठरवून दिलं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पूर्ण नाही. जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच आकडा. तो काढणाऱ्यांना एकदा मे महिन्यात परभणीकडच्या लग्नाला बोलवायला पाहिजे.

पानावर सगळ्यात आधी पडतं ते मीठच. मग लोणचं, ठेचा, येसर आमटी, तळलेल्या कुरडया, मठ्ठा. मी पानावर हात आडवा धरला. "घ्या हो, मीठच तर आहे," म्हणत वाढप्यानं ते बोटांच्या फटीतून सोडलं. समोरच्या रांगेतून बायकोनं नुसतं बघितलं.

खरं तर मिठाची ही राखण तिच्याकडं नाहीच, मेंदूकडं आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पक्की भिंत असते, पण काही ठिकाणी ती मुद्दाम उघडी ठेवलेली आहे. तिथल्या पेशी रक्तातलं सोडियम थेट जोखतात. लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल ही त्याची हद्द. रक्ताचा खारटपणा एखाद-दोन टक्के वाढला, की तहान लागते, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. एखाद-दोन टक्के! आमच्या आत्याला नुसत्या वासावर आमटी खारट झालेली कळते, पण रक्तातलं एवढं बारीक तिलाही जमायचं नाही.

1950च्या दशकात स्वीडनच्या बेंग्ट अँडरसन यांनी शेळ्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या तहान-भूक सांभाळणाऱ्या भागात, खारं पाणी अगदी थोडंसं टोचलं, तर शेळ्या घटाघटा पाणी पीत सुटल्या. शेजारी बसलेल्या मेव्हण्याला मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"आपल्याकडं केलं असतं तर अवघड होतं, दाजी," तो कुरडई मोडत म्हणाला. "उस्मानाबादी शेळीला तहान आज लागली असती, अन् टँकर परवा आला असता."

मिठाची ओढही मेंदूतच आहे. शरीरात सोडियम घटलं की अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि मेंदूच्या बुंध्याशी असलेल्या काही पेशी मिठाची हाव जागवतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. घरी मी ही बाजू मांडून बघितली होती. ठेच्याकडं हात मी नेत नाही, अल्डोस्टेरॉन नेतं.

"रिपोर्टात सोडियम 141 आलंय," बायको म्हणाली. "घटलंय कुठं?"

शिकलेल्या बायकोपुढं हार्मोनचं काही चालत नाही.

तरी पंगतीत ठेचा खाल्लाच. घाम फुटला, तांब्या तोंडाला लावला. पाणी रक्तात मिसळायच्या आधीच, नुसतं घशाखाली उतरतानाच मेंदू तहान आवरती घेतो, म्हणून लगेच बरं वाटलं. पण पाणी बोअरचं होतं, चांगलंच मचूळ. माझं तोंड बघून बायकोनं समोरूनच यजमानांना विचारलं, "भाऊजी, ह्या पाण्यात मीठ किती धरायचं?"

यजमानांनी हात जोडले. "वहिनी, त्याचे वेगळे पैसे नाहीत."