तेवढं दळण आणून देता का?

एका रविवारी रात्री सव्वाअकराला फोन वाजला. शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयातून होता. "दादा, रिसेप्शन आटपलं. दीडशे पानांचं जेवण उरलंय. नेताय का ओतू?"

'ओतू' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, आणि फोन करणाऱ्याला हे आता चांगलं माहीत झालंय. भाच्याला उठवलं, ओम्नी काढली. तीन मोठी पातेली भरून मसालेभात आणि पनीर, शिवाय गुलाबजामचा एक डबा. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. पेशंटचे नातेवाईक चादरी पांघरून गाढ झोपलेले. आम्ही हळूच एकेकाला हलवून उठवायला लागलो. गगनबावड्याकडचा एक म्हातारा उठून बसला, पातेल्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आठलाच जेवलोय बाबा. सकाळी पाचला च्या मिळंल का तेवढं बघा." एका बाईनं भात घेतला, पण पोरगं झोपलेलं म्हणून पिशवीत बांधून उशाशी ठेवला. तो सकाळपर्यंत आंबणार हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिथून स्टँडवर गेलो, तिथून स्टेशनवर. सगळीकडं तीच तऱ्हा. दीड वाजता राहिलेला भात ओळखीच्या गोठ्यात नेला. म्हशी तेवढ्या जाग्या होत्या. गोठेवाला म्हणाला, "एकदम घालू नका, पोट फुगतंय त्यांचं. जरा जरा घाला."

2019 च्या महापुरापासून आम्ही पाच-सहा जण हे करतोय. फोटोही टाकतो, तुम्ही लाईक करता, बरं वाटतं. पण त्या रात्री गोठ्यातून परत येताना भाचा म्हणाला, "मामा, आपण भुकेल्यांना जेवण पोचवतोय का कार्यालयाचं खरकटं उपसतोय?" मी गप्प बसलो. कित्येक दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की माझं खत-औषधांचं दुकान आहे आणि गावाकडं सव्वा एकर ऊस. म्हणजे शेतीतलं नवं काही निघालं की ते आधी माझ्या काउंटरवर येतं. 16 ऑक्टोबरला, जागतिक अन्न दिनाला, एका कंपनीनं आम्हा दुकानदारांची बैठक ठेवली होती. पडद्यावर पहिलंच चित्र हाडं निघालेल्या आफ्रिकन पोराचं. त्यानंतर आकडा: 2024 मध्ये जगात सुमारे 67 कोटी लोक उपाशी किंवा अर्धपोटी. मग लगेच त्यांच्या नव्या औषधाची बाटली. मधे काहीच नाही. जणू ही बाटली मी कसबा बावड्यात विकली की ते पोरगं तिकडं जेवणार.

आकडा खोटा नाही, संयुक्त राष्ट्रांचाच आहे. पण त्याच संयुक्त राष्ट्रांचा दुसरा एक आकडा त्या पडद्यावर नव्हता. 2022 या एका वर्षात जगानं 105 कोटी टन अन्न वाया घालवलं, आणि त्यातलं साठ टक्के हॉटेलांनी-कार्यालयांनी नाही, तुमच्याआमच्या घरांनी. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की बाटलीवाल्याची पंचाईत होते.

तंत्रज्ञानाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. तसं केलं तर आई चपलेनं मारेल. ती जतकडची. 1972 च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती, आजीबरोबर खडी फोडायला जायची. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची, म्हणजे तिकडच्या ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर त्यांचं वर्ष निघालं. मिलोची भाकरी थापताना कडेनं फुटायची, हे ती अजून हातानं करून दाखवते. त्याच्याआधी 1965 ला लाल बहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारची रात्र उपाशी काढायला सांगितलं होतं, आणि लोकांनी काढली. तिथून आज आपली गोदामं इतकी भरलीत की सरकार त्यातला तांदूळ इथेनॉल करायला देतंय. हे हरितक्रांतीच्या बोरलॉग-स्वामिनाथन या शास्त्रज्ञांच्या बियाण्यानं, धरणाच्या पाण्यानं आणि खतानं झालं. माझं दुकानही त्याच साखळीतली एक कडी आहे आणि मला त्याची लाज नाही.

ड्रोनचंही तसंच. आडसाली ऊस डोक्यावर गेला की आत शिरून पाठीवरच्या पंपानं फवारणं म्हणजे शिक्षा. पानं चेहरा कापतात, औषध अंगावर उलटतं. 2017 ला यवतमाळला कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते आठवा. तेच काम ड्रोन सात-आठ मिनिटांत एकर करून मोकळा होतो आणि माणूस बांधावर राहतो. बारामतीला तर उसात सेन्सर रोवून, उपग्रहावरून बघून, आज पाणी दे, उद्या देऊ नको, असं मोबाईलवर सांगतात. आमच्यासारखे पाट फोडून रात्रभर झोपणारे गडी बघितले की वाटतं, हे लवकर यावं.

पण या सगळ्यानं काय वाढतं? आमच्याकडं एकरी टन वाढतात. उसाचे. ऊस खाऊन पोट भरत नाही, हे कोल्हापूरकराला सांगावं लागतं एवढा आपल्या डोक्यात ऊस शिरलाय. माझ्या आजोबांच्या त्याच सव्वा एकरात भात, जोंधळा, भुईमूग, बांधाला तूर असायची. मी लागण करतो, मग खोडवा ठेवतो, आणि तांदूळ लक्ष्मीपुरीच्या बाजारातून विकत आणतो. माझं चुकतंय असंही नाही. जोंधळ्याला कारखान्यासारखा ठरलेला भाव द्या, मी उद्या पेरतो.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवलं की तेव्हा धान्य अगदी संपलं होतं असं नाही. ते विकत घ्यायला लाखो गरिबांकडं काही उरलं नव्हतं. आम्हाला मात्र हे सांगायला इतक्या लांब जायची गरज नाही. 1896 ला दुष्काळ पडला तेव्हा आमच्या कोल्हापूरचे शाहू महाराज गादीवर येऊन दोनच वर्षं झाली होती. त्यांनी काय केलं? दुष्काळी कामं काढली, म्हणजे हातात मजुरी आली. तगाई, म्हणजे शेतकऱ्यांना सरकारी कर्ज दिलं. स्वस्त धान्याची दुकानं उघडली. आणि ज्यांना कामही जमत नव्हतं त्यांच्यासाठी निराधार आश्रम काढला. धान्य आहे का एवढंच त्यांनी बघितलं नाही. ते कुणाच्या पोटापर्यंत पोचत नाही आणि का, हे बघितलं. आम्ही सव्वाशे वर्षांनी ओम्नीत पातेली भरून मध्यरात्री फिरतोय.

आता मूळ मुद्दा. भाच्यानं डिवचल्यावर मी ठरवलं की आपल्याच पायाखाली कोण उपाशी आहे ते दिवसाउजेडी बघायचं. फार लांब जावं लागलं नाही. तुळशीचं लग्न झालं की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात. बीडकडची माणसं. दरवर्षी येतात, दरवर्षी आपण त्यांच्या ट्रॉलीला साईड देत शिव्या घालतो आणि पुढं जातो. माझाच ऊस हीच माणसं तोडतात, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्या कोपीत वाकून बघितलं नव्हतं.

दुपारी दोनला गेलो. मोठी माणसं सगळी फडात. कोपीत आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, तिच्या कडेवर एक, पायाशी दोन. "जेवला का गं?" म्हटलं. "सकाळी." सकाळी म्हणजे चारला. आई तीनला उठते, चूल पेटवते, भाकरी थापते, पाचला कोयता घेऊन बाहेर. ती भाकरी दहाला संपते. त्यानंतर थेट रात्री, गाडी भरून झाल्यावर. मधे एखादा बिस्किटाचा पुडा, नाहीतर ऊस. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभर पोरांत छत्तीस पोरांचं वजन वयाच्या मानानं कमी भरतं, असं केंद्राच्या 2019 ते 21 च्या पाहणीत आलंय. देशात साखरेत पहिल्या-दुसऱ्या नंबरला असणाऱ्या राज्याची ही गत. ती छत्तीस पोरं कशी दिसत असतील याचा मी आजवर विचार केला नव्हता. ती अगदी साधी दिसतात. हसतात, खेळतात, फोटो काढा म्हणतात. पडद्यावरच्या त्या चित्रासारखी अजिबात दिसत नाहीत, म्हणून तर आपल्याला दिसत नाहीत.

माझ्या डोक्यात लगेच पातेली. त्या रात्री परत गेलो, त्यांच्यातल्या एका बाईला विचारलं, "ताई, कार्यालयातलं जेवण आणून दिलं तर चालेल का?" ती चुलीपुढं बसली होती. क्षणभर बघत राहिली. म्हणाली, "दादा, आमच्याकडं ज्वारी हाय. बाजरी बी हाय, गावाकडनं पोती आणल्याती. तेवढं दळण आणून देता का?"

मी चाट पडलो.

गिरणी दोन किलोमीटरवर. सकाळी नऊला उघडते, रात्री आठला बंद. ही माणसं पाचला बाहेर पडतात आणि नऊ-नऊ वाजता परततात. दळणासाठी एक दिवस मागं राहिलं तर खाडा, आणि तो खाडा मुकादमाकडून आधीच घेतलेल्या उचलीच्या हिशेबात बसतो. मग पीठ संपलं की विकतचा पाव नाहीतर नुसता भात. कोपीत दोन पोती ज्वारी आणि पोरं बिस्किटावर. यावर कुठल्या कंपनीची बाटली चालणार?

रेशनचंही बघितलं. नियमानं कार्ड बीडचं असलं तरी अंगठा लावून इथल्या दुकानात धान्य उचलता येतं, थोडं तिकडच्या म्हातारीनं आणि थोडं इकडं यांनी असंही चालतं. 2023 पासून ते फुकट आहे. दोघांना घेऊन एका दुकानात गेलो. "आमच्या कोट्यात नाही, महिनाअखेरीला या," म्हणाला. महिनाअखेरीपर्यंत खायचं काय? मी वाद घातला, तेव्हा एकाचा अंगठा घेतला. दुसऱ्याचा मशीनवर उमटेना. कोयता धरून धरून रेषा राहिल्यात कुठं? हा घोळ सुटायचाय. तालुक्याला कुणाची ओळख असेल तर सांगा, पण चांगल्या शब्दांत बोलणारा माणूस हवा, माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

अंगणवाडीचा अनुभव मात्र उलटा. सेविकाताईंना जाऊन भेटलो, त्यांनी एका शब्दात कोपीतल्या सहा पोरांची नावं लिहून घेतली. बाहेरगावची पोरंही घेता येतात, दुपारी गरम आहार मिळतो. "पोरं आणणार कोण?" एवढंच त्यांनी विचारलं. आईबाप फडात, मधे डांबरी रस्ता आणि त्यावर उसाचे ट्रॅक्टर. म्हणजे तिथं जेवण तयार आहे, इथं पोरं उपाशी आहेत, आणि मधलं आठशे मीटर अंतर कुणीतरी हात धरून पार करायचंय. सध्या माझी बायको आणि शेजारच्या काकी हे करतात. काकी सत्तरीच्या आहेत आणि सुनेशी पटत नसल्यामुळं त्यांना बाहेर पडायला कारण हवंच होतं.

पातेल्यांचं काय? ते बंद केलेलं नाही, ओतण्यापेक्षा बरं. पण कार्यालयवाल्यांना सांगितलंय की संध्याकाळी साडेसातच्या आत फोन केला तर येतो, पंगत चालू असतानाच अंदाज घ्या. अकराला फोन आला तर गोठेवाल्याचा नंबर देतो. दोघांनी रागानं फोन ठेवला. एक म्हणाला, आता तुम्हीही नखरे करायला लागलात. असू दे. 2019 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता आणि पाणी उतरल्यावर गावोगावी टेम्पो भरून ब्रेड आला, ते आठवतं का? मी स्वतः शिरोळकडं बुरशी आलेल्या ब्रेडचे ढीग उपसलेत. तिथला माणूस विचारत होता, जनावरांना वैरण आहे का? आपण आपल्याकडं काय आहे ते देतो. समोरच्याला काय पाहिजे ते विचारायला आपल्याला लाज वाटते का वेळ नसतो, देव जाणे.

असो. कामाचं बोलतो. सध्या अकरा कोप्यांचं दळण आहे, आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार. रात्री नऊनंतर पोती घ्यायची, सकाळी गिरणीत टाकायची, रात्री पोचवायची. दळणाचे पैसे ते देतात, घ्यायचे, नाही म्हणायचं नाही. एकदा मी नको म्हणालो तर पुढच्या वेळी पोतंच दिलं नाही. मंगळवार मी करतो. शुक्रवारी माझ्या दुकानात माल येतो, त्यामुळं स्प्लेंडर किंवा ॲक्टिव्हा असलेला एक माणूस पाहिजे, मार्चपर्यंत. इनबॉक्समध्ये नाव टाका.

आणि पोत्यावर ज्वारीचं का बाजरीचं ते खडूनं लिहून घ्या. गेल्या आठवड्यात मी दोन्ही एकत्र ओतून दळून आणलं. त्या ताईंनी पीठ चिमटीत धरून बघितलं आणि मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.