‘विदर्भाखाली काळा पाषाण, म्हणून भूकंप नाही’ : एक खुलासा

विदर्भ काळ्या पाषाणावर वसला असल्यामुळे येथे भूकंप होऊच शकत नाही, असा संदेश गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे. मुळात चंद्रपूर आणि गडचिरोलीचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा नाहीच. आणि लातूर जिल्ह्यातील ज्या किल्लारी परिसरात 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे भूकंपात हजारो माणसे गेली, तो भाग मात्र याच काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, थरांवर आहे. त्या वेळच्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती, हे संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. 4 डिसेंबर 2024 रोजी तेलंगणातील मुलुगु येथे झालेल्या 5.3 तीव्रतेच्या भूकंपाचे हादरे गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरपर्यंत जाणवले होते.

भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नागपूर दुसऱ्या क्षेत्रात आहे, म्हणजे धोका कमी आहे, शून्य नाही. अर्थात ‘आज रात्री भूकंप येणार’ हा उलट संदेशही तितकाच निराधार आहे, कारण भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगणारी पद्धत आजवर सापडलेली नाही.

किल्लारीत जीव घेतले ते प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि मातीच्या जड छतांनी. त्यामुळे ग्रामपंचायतींनी शाळा, अंगणवाड्या आणि जुनी घरे आधी तपासावीत; भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड, घट्ट कोपरे आणि दरवाजांच्या वरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आहे की नाही, हे गवंड्याकडून पाहून घ्यावे.